जिप्सी परत साधी का केली? तुम्ही विचारलंत म्हणून

पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतो, मावसभाऊ विचारतो, ज्यांनी ही मारुती जिप्सी मला विकली ते तर अधूनमधून फोन करून विचारतात : एवढी उंच, देखणी जिप्सी होती, ती परत साधी कशाला केलीस? आजवर मी "आरटीओत नूतनीकरण होतं" एवढंच सांगून विषय मिटवत आले. ते खोटं नव्हतं. पण मध्यंतरी एका साखरपुड्यात कुणीतरी माझ्या पाठीमागं म्हणालं, "बाईमाणसाला झेपली नसंल उंच गाडी," आणि चारचौघांनी माना हलवल्या. म्हणून आता नीट सांगते.

झेपली होती. चांगली झेपली होती. ती उंची मला आवडायची, हेही लपवत नाही. रंकाळ्याच्या कडेनं त्या जाड टायरांचा घुमणारा आवाज करत जाताना, समोरचे आपसूक बाजूला होताना, मला माझंच वेगळं वाटायचं. घेतली तेव्हा गाडी 15 वर्षांची व्हायला आली होती. 235/75 मापाचे चिखलाचे टायर, स्प्रिंगच्या पाट्यांना चासीशी जोडणारे शॅकल लांब केलेले, पुढं लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची पट्टी आणि बॉनेटच्या बाजूनं वर गेलेला स्नॉर्केल, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनला वरून हवा देणारं नळकांडं. मला गाडीतलं काहीच कळत नव्हतं. गगनबावड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथला शेवटचा टप्पा लाल मातीचा, आणि तिथला पाऊस काय असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या रस्त्याला लागणारं सगळं आयतंच बसवलेलं आहे, असं वाटून घेतली.

त्या आयत्या सामानाचं खरं रूप उलगडायला वेळ लागला. स्नॉर्केलचं नळकांडं बॉनेटखाली एअर फिल्टरला जोडलेलंच नव्हतं. फेंडरला भोक पाडून नुसतं वरून बसवलं होतं. त्याच्या भरवशावर ओढ्यात घातली असती तर इंजिननं सरळ पाणी ओढलं असतं. मागच्या आडव्या चासीला पुट्टी भरून वरून काळा रंग मारला होता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत गेला. आणि स्पीडोमीटर खोटं सांगत होता. मूळ 205/70 टायरचा व्यास साधारण 668 मिलिमीटर, या टायरचा 733. म्हणजे काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 नं चाललेली असते. हा हिशोब मी त्या संध्याकाळनंतर वहीवर मांडला, आधी नाही.

ती संध्याकाळ जानेवारीतली. ऊसतोडीचा भर. वाडीवरून कोल्हापूरला परत येत होतो, शेजारी आई, तिच्या मांडीवर नव्या तांदळाची पिशवी. कळे मागं पडलं होतं, बालिंग्याचा पूल जवळ आला होता, रस्ता मोकळा होता आणि काटा 60 वर. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर येताना दिसत होता. डांबराला एक आडवी भेग होती, रोजचीच. डावं चाक तिच्यावरून गेलं आणि स्टेअरिंग हातात थरथरलं. खड्ड्यातून गेल्यावर थरथरतं तसं असेल म्हणून मी घट्ट धरलं. थरथर थांबायच्या ऐवजी वाढली. बघता बघता पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी, डावी-उजवी इतक्या जोरात आपटायला लागली की बॉनेट हलताना दिसत होतं. स्टेअरिंगच्या आऱ्यानं माझा अंगठा उलटा मारला. डॅशबोर्डवरचं सगळं खाली पडलं. मी स्टेअरिंग जितकं दाबून धरत होते तितकं ते माझ्या हातांना झटकत होतं. ब्रेकवर पाय गेला तर वजन पुढं येऊन हादरे आणखी वाढले. ट्रॅक्टरचे दिवे सरळ आमच्या अंगावर येत होते आणि गाडी कुठल्या बाजूला जाईल ते माझ्या हातात राहिलेलं नव्हतं.

आई ओरडली नाही. तिनं एका हातानं तांदळाची पिशवी धरली आणि दुसऱ्या हातानं माझा दंड. एवढंच म्हणाली, "थांबव गं. थांबव." मी ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक सोडला, गाडी डावीकडच्या कच्च्यात उतरली, वेग पडला, आणि कुणीतरी बटण बंद करावं तसे हादरे एकदम थांबले. गाडी बाभळीच्या अलीकडं उभी राहिली. ट्रॅक्टरवाला पुढं जाऊन थांबला, उतरून आला, चाकांखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "नट तर हाईत की सगळं." दिसायला काहीच मोडलेलं नव्हतं. उरलेला रस्ता तिशीच्या आत काढला. घरी आल्यावर आई काही बोलली नाही. पुढच्या वेळी वाडीला जायचं ठरलं तेव्हा ती आदल्या रात्री म्हणाली, "तू ये गाडीनं. मी एसटीनं पुढं जाते." कितीतरी महिने ती एसटीनंच जात राहिली. मी वाडीवर पोचायचे तेव्हा ती आधीच पोचून चूल पेटवून बसलेली असायची.

ज्यांना या गाड्यांची माहिती आहे त्यांनी ओळखलं असेल. पुढचा अखंड धुरा आणि पाटे असलेल्या गाड्यांचं हे जुनं दुखणं आहे. जिप्सीचं पुढचं चाक वर आणि खाली अशा दोन किंगपिनवर वळतं आणि प्रत्येक किंगपिनला एक टेपर बेरिंग असतं. त्या बेरिंगांवर ठरावीक ताण हवा. तो कागदासारख्या पातळ शिमा घालून-काढून साधतात आणि दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड सुटा करून, चाक वळवणाऱ्या सांध्याला (नकलला) ताणकाटा लावून ओढून मोजतात. ताण गेला की चाकाला हलायला जागा मिळते, आणि एका वेगाला एक धक्का पुरतो.

शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पुढची बाजू जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं, आणि मला म्हणाले, "ताई, तुमीच हलवून बघा." हलवलं. कट्-कट् वाजलं. मग खोललं. मागचं सील फाटून ओढ्याचं पाणी आणि लाल माती आत गेली होती. ग्रीसचा चहा झाला होता, बेरिंगचे रोलर गंजून झिजले होते, काही नव्हतेच. मिस्त्रींनी ती पावडर माझ्या तळहातावर ओतली. मग स्टेअरिंगचे हादरे शोषणारा जाडजूड नवा डॅम्पर दाखवून म्हणाले, "ह्यो कडक डॅम्पर घातला नसता न्हवं, तर इकत घेतली त्याच दिवशी गाडीनं सांगितलं असतं तुमास्नी."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी बोलत होती आणि कुणीतरी पैसे खर्चून तिचं तोंड बांधलं होतं. विकणाऱ्यांनी ते फसवण्यासाठी केलं की त्यांनाही कुणी तसंच सांगितलं होतं, मला माहीत नाही. म्हणून त्यांच्या फोनला मी अजून नीट बोलते.

आता इथं गाडी घेतानाची मी मध्ये बोलते, आणि तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. ती म्हणते, दोष बेरिंगचा होता ना? मग बेरिंग बदल, सील बदल. उंचीनं तुझं काय वाकडं केलं? बरोबर आहे. नवी बेरिंगं, नवी सीलं, टाय रॉडचे एंड, पाट्यांचे बुश एवढं घातल्यावर हादरे गेले, तेव्हा शॅकल लांबच होते. पण वळणावरून बाहेर पडताना स्टेअरिंग आपणहून सरळ येत नव्हतं, ते हातानं आणावं लागायचं. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की धुरा थोडा फिरतो आणि किंगपिनचा मागं झुकलेला कोन कमी होतो. चाकाला सरळ ठेवतो तो हाच कोन. "पाचर घालून कोन परत आणता येतो," मिस्त्री म्हणाले, "पर मग पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, त्येचं बी बघाय लागंल." म्हणजे होतं, करता येतं. नीट उंच केलेल्या, सरळ चालणाऱ्या जिप्स्या मी पाहिल्या आहेत आणि त्या करणाऱ्यांच्या हाताला मी मानते. उंची वाईट, असं मी म्हणत नाही. तुम्ही ते माझ्या तोंडी घालू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. मी नवशिकी होते. नवशिक्याला आवाजावरून रोग कळत नाही, हाताला ढिलं-घट्ट कळत नाही. त्याच्याकडं एकच गोष्ट असते : कारखान्यानं ठरवलेले आकडे. अमुक कोन, अमुक ताण, टायरात अमुक हवा. गाडी मूळ मापावर असेल तरच ते आकडे तिला लागू पडतात. माझ्या गाडीला एकही लागू पडत नव्हता. स्टेअरिंग जड लागलं तर ते टायरमुळं, शॅकलमुळं, बेरिंगमुळं की त्या कडक डॅम्परमुळं, हे मला कोण सांगणार? म्हणून मूळचे शॅकल, मूळच्या मापाचे टायर, साधा डॅम्पर. गाडी शून्यावर आणली आणि तिथून शिकायला लागले. आज शिमा मी स्वतः बसवते. मिस्त्री शेजारी उभे राहून बघतात आणि क्वचितच बोट घालतात. सामान बंद झालेल्या गाडीचं, त्यामुळं काही दिल्लीच्या मायापुरीतून मागवावं लागतं. लष्करातून निघालेल्या जिप्स्यांचं सामान तिथं मिळतं.

आणि तुम्ही ज्या उंचीसाठी हळहळता तिच्याबद्दल एक सांगते. शॅकल लांब केल्यानं बॉडी वर जाते, डिफरन्शियल, म्हणजे धुऱ्यावरचा खाली लोंबणारा गोळा, तिथंच राहतो. तो धुऱ्यावर आहे, धुरा चाकांवर आहे. तो वर जातो फक्त टायरनं, तोही व्यास वाढला त्याच्या निम्म्यानं. माझ्या त्या राक्षसी टायरांनी त्याला जेमतेम 33 मिलिमीटर वर उचललं होतं. चिखलात त्याहून जास्त फरक टायरातली हवा 15-18 पीएसआयपर्यंत उतरवून पडतो, आणि डांबराला लागल्यावर ती परत भरायला एक छोटा कॉम्प्रेसर पुरतो.

कायद्याचं म्हणाल तर तेही खरंच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल : आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोखंडी गार्डला मनाई करणारं केंद्राचं पत्र तर 2017 चं. 15 वर्षं भरली की गाडी तपासणीला उभी करावी लागते. कुणी म्हणतं, "कोण बघतंय?" त्या पुलाजवळ माझी गाडी ट्रॅक्टरखाली गेली असती तर विम्याच्या माणसानं नक्की बघितलं असतं.

तरीही मी जिंकले असं समजू नका. जुलै संपता संपता वाडीच्या रस्त्याला ट्रॅक्टरांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. पूर्वी मी तिथून नुसतं घासत जायचे. आता डिफरन्शियल त्या उंचवट्यावर बसतो, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि शेजारच्या काकांना ट्रॅक्टर घेऊन बोलवावं लागतं. गेल्या पावसाळ्यापासून मी गाडी खालच्या देवळाशी लावते आणि चालत जाते. आई आता परत माझ्या गाडीत बसते, पण तिचे गुडघे तेवढा चढ चढत नाहीत. ते 33 मिलिमीटर मी कागदावर कितीही छोटे करून दाखवले तरी तिच्यासाठी ते घराच्या दारापर्यंत पोचण्याचे होते. गाडी घेतानाची मी इथं गप्प बसत नाही, आणि बसू नये.

215/75 चा एक मधला टायर मिळतो. त्यानं 18 मिलिमीटर मिळतील. तोही मूळ मापाचा नाही, वरचं सगळं कायद्याचं पुराण त्यालाही लागू आहे, आणि उंचवट्याला 18 पुरतील की नाही हे घालून बघितल्याशिवाय कळणार नाही. त्यापेक्षा रस्त्यात मुरूम टाकून चाकोऱ्या भराव्यात, असं काका म्हणतात. त्याला चार ट्रॉल्या लागतील आणि वाडीतल्या तीन घरांनी पैसे काढायला हवेत. एक घर तयार आहे. टायरवाल्याकडून भाव घेऊन ठेवलाय, मुरमाचाही विचारलाय. शॅकल मात्र बदलणार नाही.