बाईकवरून वाळवंट: आधी पेट्रोल, मग पाणी, उरलेल्या जागेत सामान

आम्ही तिघं तीन बाईकवर नुकतंच वाळवंट पार करून आलो. त्यातला सगळ्यात लांब टप्पा साधारण 400 किमीचा, मधे एकही पंप नाही, थोडी खडी, थोडा चाकांचा नुसता माग आणि शेवटी मऊ वाळू. रात्रीचं आकाश वगैरेवर खूप लिहिता येईल पण निघायच्या आधी आमचं डोकं खाल्लं ते पेट्रोल आणि सामानाने, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी तेवढंच लिहितोय.

आधी हिशोब. डांबरी रस्त्यावर आमच्या गाड्या 25 चं ॲव्हरेज देतात, वाळूत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिन सतत ओढत राहतं आणि तेच 16 वर येतं. त्यामुळे हायवेचा आकडा विसरा, अख्ख्या टप्प्याला वाळूचंच ॲव्हरेज धरा. 400 भागिले 16 म्हणजे 25 लिटर, वाट चुकली किंवा माघारी फिरावं लागलं तर म्हणून वर 5, झाले 30. टाकी 14 ची, म्हणजे 16 लिटर बाहेर लादायचं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे हे 12 किलो. पाणी माणशी दिवसाला 6 लिटर, दोन दिवसांचं धरलं की तेही 12 किलो. एकही कपडा न भरता 24 किलो झाले, आणि अजून तंबू, टूल्स, ट्यूब, पंप बाकी आहेत! गाडीच्या मॅन्युअलमधे एकूण किती वजन चालतं ते दिलेलं असतं, स्वतःचं वजन धरून ती बेरीज घरीच करा, कारण जास्त लादलं की मागची सबफ्रेम, म्हणजे सीट-कॅरिअर पेलणारा सांगाडा, तडकते आणि तिथे वेल्डिंगवाला भेटत नाही.

हे दोन्ही 12-12 किलो भरतात याचा आम्ही फायदा घेतला. सायलेन्सर उजवीकडे, म्हणून पेट्रोल डावीकडे आणि पाणी उजवीकडे, दोन्ही होईल तितकं खाली आणि पुढे, मागच्या चाकाच्या एक्सलच्या पुढेच. गळती झाली तरी पाण्याला पेट्रोल लागत नाही हा अजून एक फायदा. कॅरिअरवर मागे उंच मोठा कॅन बांधलेले लोक दिसतात, कृपया तसं करू नका, वाळूत पुढचं चाक हलकं होऊन हँडल हातात राहत नाही. मागे वर फक्त स्लीपिंग बॅग आणि कपडे.

कॅनबद्दल थोडं. 20 लिटरचा लोखंडी जेरीकॅन 1937 मधे जर्मनीत डिझाइन झाला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळायचे की ते शत्रूचे पकडलेले जेरीकॅन वापरायचे. वस्तू जबरदस्तच आहे, पण भरलेला एक कॅन 19-20 किलोला जातो, बाईकच्या एका बाजूला ते फार होतं. छोटे चपटे कॅन बरे. पेट्रोलसाठीच बनवलेले घ्या, पाण्याच्या बाटल्यांमधे पेट्रोल नको म्हणजे नकोच.

काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर 10 अंशांना साधारण 1 टक्का फुगतं आणि वाफेचा दाब वेगळाच, पहाटे गार असताना भरलेला कॅन दुपारी ढोलासारखा ताठ होतो, म्हणून वर थोडी जागा ठेवा आणि झाकण उघडताना तोंड बाजूला करून हळू फिरवा. भरताना कॅन गाडीवरून काढून जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनला टेकवूनच ठेवा, आग लागायला स्टॅटिकची म्हणजे स्थिर विजेची एक ठिणगी पुरते.

टाकीत कॅनएवढी जागा झाली की लगेच ओतून घ्या, रिझर्व्ह लागायची वाट बघू नका. टाकीतलं पेट्रोल मधोमध बसतं आणि नंतर कॅन फुटलाच तर जातं ते कमी जातं. डावा कॅन रिकामा झाला की प्यायचं पाणीही उजवीकडूनच काढायचं, तोल राहतो.

फुटण्यावरून, आमच्यातल्या एकाचा कॅन खरंच गळला. संध्याकाळी बॅगा उतरवताना कॅनच्या खालच्या कोपऱ्यावर धूळ ओली होऊन काळी चिकटलेली दिसली, पुसलं तर टाचणीएवढं भोक, समोर बरोबर रॅकच्या बोल्टचं डोकं. वाळू मधे अडकली की पॉलिश पेपरचं काम करते, पट्टे आणि बॅगाही तशाच झिजतात. तेव्हापासून जिथे धातू लागतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घालतो आणि रोज संध्याकाळी सगळे बोल्ट-पट्टे हाताने चाचपतो. बंजीवर (हुकवाल्या इलॅस्टिक दोरीवर) वजनदार वस्तू ठेवू नका, बकलवाले पट्टेच हवेत.

बॅगा कापडीच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. वाळूत पाय टेकवत जाताना ॲल्युमिनियमची पेटी मागून पायावर येते आणि घोटा मोडतो. शिवाय गाडी पडणारच, आणि पडली की टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपायला लागतं, तेव्हा बॅगा पटकन सुटल्या पाहिजेत. साइड स्टँडखाली ठेवायला एक सपाट फळी खिशाजवळ ठेवा. टायरमधली हवा मऊ वाळूत 15 ते 18 पीएसआय, पण लोड असताना अजून खाली जाऊ नका, रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारी क्लॅम्प) नसेल तर टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह फाटतो. दगड लागायच्या आधी परत भरा.

निघायच्या आधी सगळं लादून, कॅनमधे पाणी भरून, खराब रस्त्यावर निदान 50 किमी चालवून बघा आणि मग कॅन पूर्ण वाळवा. वाटेत रिकामा झालेला पेट्रोलचा कॅन मात्र भरलेल्यापेक्षा जास्त सांभाळा, आत नुसती वाफ असते, झाकण घट्ट लावून स्टोव्हपासून लांब, स्टोव्हकडून वारा जिकडे जातो त्या बाजूला ठेवा.