दोन फण्या

हीरक महोत्सवाच्या समितीचं पत्र आलं तेव्हा मी शेडनेटमध्ये केळीची रोपं मोजून देत होतो. ‘शाळेच्या आठवणी कळवा’ असं पत्रात होतं. आठवणी पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की सगळ्या विज्ञानाच्या सरांपाशीच येऊन थांबतात. सरांना आपलं नाव छापलेलं कधी आवडलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. माझ्या आगेमागे जे शाळेत होते त्यांना ते सांगायची गरजही नाही.

१९८७ साली मी नववीत होतो. पुस्तकात सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, चार आकृत्या होत्या. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. आकृती काढा, नावं द्या, गुण घ्या. सर म्हणाले, “ही चित्रं कोणीतरी डोळ्यांनी बघून काढली आहेत. जर्मनीत फ्लेमिंग नावाच्या माणसाने १८८२ साली पुस्तक छापलं, त्याच्याकडेही आपल्यासारखाच सूक्ष्मदर्शक आणि रंगच होता. आपणही बघू.”

प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीत त्यांनी पेल्यांवर कांदे ठेवले, बूड पाण्याला जेमतेम टेकेल असे. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटली. सकाळी लवकर येऊन टोकं कापायचं काम माझ्याकडे होतं. “फक्त दोन-तीन मिलिमीटर. त्याच्या वर गेलास तर नुसत्या लांबोळक्या पेशी मिळतील, विभागणाऱ्या नाहीत.” मग ती टोकं ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात दिवसभर ठेवायची, सौम्य आम्लात मऊ करायची, कार्मिनचा लाल रंग द्यायचा, स्पिरिटच्या दिव्यावर जरा ऊब द्यायची, उकळू द्यायचं नाही. वर पातळ काच ठेवून टिपकागदातून अंगठ्याने सरळ दाबायचं, काच सरकू न देता.

पहिले तीन प्रयत्न वाया गेले. एकदा माझ्या हातून काच फुटली, एकदा ब्लेड बोटात गेलं. दिसायचे ते नुसते गोल लाल ठिपके. मी म्हणालो, या पेशी झोपल्यात. सरांनी मला थांबवलं. “झोपलेल्या नाहीत. पुस्तकवाले विश्रांती म्हणतात, पण खरं काम याच वेळी होतं. प्रत्येक गुणसूत्राची, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्याची, जोडप्रत आत्ताच तयार होते. भावांच्या वाटणीत प्रत्येकाला निम्मं येतं ना? इथं आधी सगळं दुप्पट होतं, मग वाटणी. कांद्याची सोळा गुणसूत्रं आहेत, वाटणीनंतर दोन्हीकडे सोळाच.”

चौथी काच जमली. शनिवारची सकाळची शाळा होती आणि लाईट गेलेली. सरांनी सूक्ष्मदर्शक व्हरांड्यात आणला आणि आरशात ऊन धरलं. काच वाळू नये म्हणून मेणबत्तीचं मेण कडांना लावलं. एकच सूक्ष्मदर्शक, आणि रांगेत आम्ही बावन्न जण. ऊन सरकलं की सर टेबल सरकवायचे, पुन्हा नेम धरायचे. शाळा सुटली तरी रांग संपली नव्हती आणि कोणी घरी गेलं नव्हतं. मुळं मी कापली होती म्हणून मला त्यांनी शेवटी उभं केलं.

“काय दिखस रे भाऊ?” सर रंगात आले की अहिराणीत बोलत.

“सर, केळीच्या दोन फण्या. समोरासमोर ठेवलेल्या. बोटं एकमेकींकडे.”

ते क्षणभर बोललेच नाहीत. मग स्वतः डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, “हीच पश्चावस्था. तर्कुतंतू गुणसूत्रबिंदूला धरून ओढतात, म्हणून फणीचा देठ पुढे आणि बोटं मागे. तर्कू म्हणजे चाती. तुझी आजी कापूस कातायची ना, त्या चातीसारखाच मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता आकार असतो त्या धाग्यांचा.” बाजूच्याच पेशीत गुणसूत्रं मधोमध ओळीने उभी होती, ती मध्यावस्था. आणखी एकीत दोन केंद्रकं झालेली आणि मधे बारीक रेघ उगवत होती. “वनस्पतीत बांध असा मधून सुरू होऊन कडेला जातो. प्राण्यांची पेशी बाहेरून आत आवळत जाते.”

मी विचारलं, “सर, हे हलत का नाही?”

“त्या मेलेल्या पेशी आहेत. ज्या घडीला सापडल्या त्या घडीला आपण त्यांना थांबवलं. आठवडे बाजाराचा एकच फोटो घे. कोणी पोतं सोडतोय, कोणी तोलतोय, कोणी आवरतोय. त्या एका फोटोवरून अख्खा दिवस जुळवायचा. हेच काम.”

आठवड्याने त्यांनी माझं कापलेलं बोट हातात घेऊन उजेडात धरलं. जखम भरून आली होती. “कांद्यात बघितलंस तेच इथं चाललंय. नवं कातडं, नवं रक्त, हाडाची जोड, सगळं यातूनच. आणि जिथं थांबायला हवं तिथं ते थांबलं नाही, तर त्यालाच आपण कॅन्सर म्हणतो.” ते बोट आजही बघितलं की मला त्यांचा हात आठवतो.

आज मी चोपडा तालुक्यात केळीची ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत कोंबाच्या तुकड्यापासून तयार केलेली, रोपं वाढवून शेतकऱ्यांना देतो. आपली खाण्याची केळी बी धरत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण तेहतीस, आणि तीन संचांची जोडी नीट लागत नाही म्हणून अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे बी धरण्यासाठी लागणारं विभाजन, बिनसतं. मुनवा, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेला कोंब, लावा नाहीतर प्रयोगशाळेतलं रोप लावा, खानदेशातली बागच्या बाग सूत्री विभाजनावर उभी आहे. पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली मृगबाग असो की पावसाळ्यानंतर लावलेली केळीची कांदेबाग, पानं उलगडताना बघतो तेव्हा मला ती काच दिसते.

धंद्याच्या सुरुवातीला मी बाहेरून आणलेल्या रोपांवर हरण्या हा विषाणूचा रोग आला आणि शेतकऱ्याची तीन एकर बाग उपटावी लागली. मी नुकसान भरून दिलं, पण झोप उडाली होती. धुळ्याला सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “विभाजन गुणसूत्रांची नक्कल हुबेहूब करतं. पण पेशीत विषाणू असेल तर तोही तिच्याबरोबर दोन्ही घरी जातो. आई तपासून घे.” तेव्हापासून मातृझाडाची विषाणू तपासणी झाल्याशिवाय मी रोप घेत नाही, आणि एकाच कोंबापासून फार फेऱ्या वाढवलेलीही घेत नाही, कारण फेऱ्या वाढल्या की वेगळी निघणारी रोपंही वाढतात.

मागच्या वर्षी शाळेत गेलो होतो. पडद्यावर विभाजनाचं चलतचित्र फार सुंदर दाखवतात. आम्हाला न दिसलेली हालचाल मुलांना दिसते, याचा मला आनंदच आहे. पण प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि खिडकीत पेले नव्हते. नववीच्या एका मुलाला विचारलं, तर चारही अवस्था त्याने धडाधड सांगितल्या. कांद्याच्या मुळाला कधी हात लावला होता का, या प्रश्नावर तो गप्प राहिला. मला फार वाईट वाटलं.

सर महोत्सवाला येणार आहेत असं कळलं. त्यांची नजर आता अगदी कमी झाली आहे, भिंगातलं त्यांना दिसणार नाही. डोळा मी लावीन आणि काय दिखस ते त्यांना सांगीन. समितीला एवढीच विनंती आहे. कार्यक्रम रविवारी आहे. मुळं सुटायला तीन-चार दिवस लागतात, नंतर टोकं एक दिवस मिश्रणात ठेवावी लागतात. तेव्हा प्रयोगशाळेची किल्ली मला सोमवारीच मिळावी. कांदे मी घेऊन येतो.