सहावं कोडं आणि साहेबांच्या केबिनमधला फोन

गुण मोजणाऱ्या सर्व्हरवर हल्ला करायचा नाही, दुसऱ्या टीमच्या मशीनला हात लावायचा नाही, पेनड्राईव्ह आणायचा नाही, बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेची स्पर्धा घ्यायची ठरल्यावर आम्ही नियमावली अशी चांगली आवळून बांधली होती. तिच्यात न मावणारी गोष्ट घडली दुपारी तीनच्या सुमारास, तीही कंट्रोल रूमच्या लँडलाईनवर.

स्थळ पणजीचं, पाटोवरचं एक सभागृह. चौघाचौघांच्या टीम, प्रत्येकी एका खात्याच्या किंवा तालुक्याच्या. मूळ कल्पना बाहेरची. अमेरिकेत २०१९ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ‘प्रेसिडेंट्स कप’ सुरू झाला. ‘सिसा’ ही तिथली सरकारी सायबर सुरक्षा संस्था तो भरवते आणि होऊन गेलेली कोडी गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर खुली ठेवते. आम्ही ती उघडून पाहिली, शिकलो, आणि बाजूला ठेवली. कारण आमच्याकडे येणार होते कारकून, तलाठी, पंचायत सचिव, कनिष्ठ अभियंते. ‘कॉम्प्युटरची जाण असलेले कर्मचारी पाठवा’ असं परिपत्रक गेलं की खात्यातून कोण येतो? प्रिंटर अडला की सगळे ज्याला हाक मारतात तो.

म्हणून कोडी इथलीच घेतली. २०२२ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, गोव्यातल्या नद्यांची पातळी टिपणाऱ्या यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता; फाइली कुलूपबंद आणि किल्लीसाठी बिटकॉइनची मागणी. पेपरात आलं होतं, सगळ्यांना आठवत होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बसले आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. आमचं कथानक त्याच धाटणीचं: एका काल्पनिक कचेरीचा सर्व्हर रात्रीत कुलूपबंद झालाय, आत कोण, कधी आणि कुठून शिरलं ते शोधा. उत्तर सापडलं की एक सांकेतिक ओळ हाती लागते, तिला फ्लॅग म्हणतात. ती पोर्टलवर टाकली की गुण.

सकाळची पहिली दोन कोडी फसव्या ईमेलची होती. ती बहुतेकांनी चहाच्या आतच उडवली. मेलचे हेडर, म्हणजे तो कुठून कुठून आला त्याच्या नोंदी, खालून वर वाचायचे असतात एवढं एकदा दाखवलं की सरकारी माणसाला पुढचं शिकवावं लागत नाही. टिपणीचा प्रवास कोणाच्या टेबलावरून कोणाकडे झाला हे शोधण्यात त्याची हयात गेलेली असते.

तिसऱ्या कोड्याने मात्र सभागृह शांत केलं. विंडोज सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, दिला होता. त्यात ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांगच्या रांग, म्हणजे चुकलेले पासवर्ड. मिनिटाला कितीतरी. आणि त्या रांगेत मध्येच एक ४६२४, म्हणजे लॉगिन जमलं. प्रकार १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून, दुसरीकडे बसून मशीन चालवायच्या सोयीतून. चोर नेमका कधी आत आला, तारीख आणि भारतीय वेळ लिहा, असा प्रश्न. नोंदीत वेळ होती १९:५२, आणि तिच्या शेपटीला एक बारीकसा ‘झेड’. तो झेड म्हणजे ही जागतिक प्रमाणवेळ आहे, आपली नव्हे. ज्यांना तो दिसला नाही त्यांनी संध्याकाळी आठला आठ कमी असं लिहिलं. ज्यांना दिसला त्यांनी साडेपाच तास मिळवून १:२२ लिहिलं आणि तरीही पोर्टल ‘चूक’ म्हणत राहिलं. दोन टीमनी हात वर करून पोर्टलच बिघडल्याचं सांगितलं.

डिचोलीकडच्या टीममध्ये लेखा खात्यातल्या एक बाई होत्या. त्यांनी कागदावर १९:५२ च्या खाली ५:३० मांडले, हातचा घेऊन २५:२२ केले, त्यातून चोवीस वजा केले, आणि तो वजा केलेला दिवस पेनाने तारखेत जमा केला. मध्यरात्र उलटली की तारीख बदलते, एवढंच. शेजारच्या टीममधला बी.ई. झालेला मुलगा तेव्हा स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहीत होता. सर्ट-इन या आपल्याकडच्या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला का सांगितलंय, हे मी भाषणात तासभर सांगूनही कुणाला असं पटलं नसतं.

बाईंच्या टीमचा कप्तान होता एक पंचायत सचिव. पन्नाशी पार केलेला, हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, आवाज ग्रामसभा आवरून आवरून कमावलेला. पाचव्या कोड्यापर्यंत ही टीम वरच्या तिघांत होती. सहाव्यावर अडली.

आणि मग तो फोन. कंट्रोल रूममध्ये मदतनीस म्हणून इंजिनिअरिंगची मुलं बसवली होती. फोन उचलला त्यातल्या एकाने. पलीकडून आवाज: “साहेबांच्या केबिनमधून बोलतोय. सहाव्याचं उत्तर चुकीचं भरलंय अशी तक्रार आलीय. साहेब समोर बसलेत. तुमच्याकडे काय लिहिलंय ते जरा वाच बघू.” कुठले साहेब, कुठली केबिन, काही नाही. मुलाने “हां सर” म्हटलं आणि समोरच्या चाचणी खात्यातला फ्लॅग अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. वर विचारलं, “आणखी काही, सर?”

आता यातली गंमत अशी की आमच्या पोर्टलवर प्रत्येक टीमचा फ्लॅग वेगळा तयार होतो. टीमनी एकमेकांना उत्तरं देऊ नयेत म्हणून. त्यामुळे मुलाने वाचलेला फ्लॅग फक्त आमच्या चाचणी खात्याचा होता. तो डिचोलीच्या टीमकडून आला तेव्हा पोर्टलने गुण दिले नाहीतच, उलट माझ्या पडद्यावर लाल पट्टी आली. नोंदी पाहिल्या तर या टीमने सहाव्या कोड्याची पुराव्याची फाइल डाउनलोडसुद्धा केलेली नव्हती. मी खाली जाईपर्यंत सचिवबाबच वर येत होते. जिन्यातच भेटले, चांगलेच तापलेले.

“तुमीच सांगलें न्ही? आतां चूक म्हणटात?”

दहा मिनिटांत लेखी अर्ज आला. विषय: सहाव्या कोड्याचे गुण नाकारल्याबाबत. संदर्भ: आजचे दूरध्वनी संभाषण. म्हणणं असं, की स्पर्धा सायबर सुरक्षेची आहे, आयोजकांच्या व्यवस्थेतली फट आम्ही दाखवून दिली आहे, फोन करू नये असं नियमावलीत कुठेही नाही, सबब गुण मिळावेत. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून परत पाहिजे. नियमावली इंग्रजीत, अर्ज मराठीत आणि भांडण कोंकणीत, म्हणजे कामकाज अगदी गोव्याच्या रीतीप्रमाणे चाललं होतं.

आमच्या परीक्षक समितीत फूट पडली. मॅडमचं म्हणणं, खोटी ओळख सांगितली, टीम बाद करा. माझं म्हणणं वेगळं होतं. सकाळपासून आम्ही पोर्ट ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, उघडं ठेवू नका म्हणून कानीकपाळी ओरडतोय. पण कुठल्याही कचेरीत ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हटल्यावर जे उघडतं, त्यापुढे ते पोर्ट म्हणजे काहीच नव्हे. शिवाजीचा फोटो, घड्याळ आणि साहेबांचा शब्द, यावर शंका घ्यायची नाही असंच आपण नव्या कारकुनाला शिकवतो. या माणसाने ते हत्यार बरोबर ओळखलं होतं, कारण त्याच्यावर ते तीस वर्षं चाललं होतं.

शेवटी मधला मार्ग निघाला. गुण नाहीत, बाद करणंही नाही. शेवटच्या फेरीत प्रत्येक टीमला घटनेचा अहवाल लिहायचा होता, सर्ट-इनला सहा तासांत कळवावा लागतो त्या धर्तीचा. डिचोलीच्या टीमने त्या कथानकाऐवजी याच फोनचा अहवाल लिहावा, असं ठरलं.

सचिवबाबांनी तो हाताने लिहिला. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, काय विचारलं, काय मिळालं. ‘आडनाव विचारले गेले नाही. केबिनचा क्रमांक विचारला गेला नाही.’ मग उपाय: फोन ठेवावा, खात्याच्या डिरेक्टरीतला क्रमांक पाहून आपण उलट फोन करावा, आणि ‘असे केल्याबद्दल कनिष्ठास कोणी रागावणार नाही, हे वरिष्ठांनी आगाऊ लेखी द्यावे.’ हे शेवटचं वाक्य मी आजवर वाचलेल्या कुठल्याच मार्गदर्शिकेत पाहिलेलं नाही.

साडेचारला पुन्हा फोन वाजला. बक्षीस समारंभाला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या ऑफिसातून होता, खराखुरा. साहेबांनी किती वाजता निघायचं ते विचारत होते. त्याच मुलाने मोठ्या नम्रतेने सांगितलं, “सर, तुम्ही फोन ठेवा, मी डिरेक्टरीत बघून करतो.” आणि केला. साहेब आल्या आल्या विचारते झाले की फोनवर कोण होता. मुलगा कॉफीच्या टेबलाकडे निघून गेला होता.

पहिलं बक्षीस डिचोलीला गेलं नाही. सहाव्याचे गुण गेले ते गेलेच. अहवालाला मात्र सगळ्यांत जास्त गुण पडले, मॅडमनी त्यावर आपलं वेगळं मत नोंदवून सही केली. फोनवरून फसवण्याचं एक रीतसर कोडं पुढच्या स्पर्धेत असावं असा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात ठेवला. फाइल वर गेली आहे. अजून खाली आलेली नाही.