तुम्ही विचारलंत म्हणून: जहाज दिवसभरच थांबतं, मग पाहून काय होतं?

"सर, जहाज सकाळी लागते अन् संध्याकाळी सुटते म्हंता, मंग तेवढ्यात पाहून काय होते?" मी पर्यटकांच्या जहाजानं, म्हणजे क्रूझनं, बंदरं पाहत फिरतो, म्हणून खामगावच्या बाजार समितीत, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारच्या सीटवर, हा प्रश्न मला हमखास येतो. त्याच्या पोटात दुसराही एक असतो, तो तोंडावर कोणी विचारत नाही: नदीसुद्धा पावसाळ्यापुरती वाहते अशा गावातल्या माणसानं समुद्रात पैसे कायले घालावे?

पहिल्याचं उत्तर आधी. पुष्कळ पाहून होतं, कारण जुनी बंदरं मुळात दाटीवाटीनं वसलेली. माल माणसाच्या डोक्यावरून जायचा, त्यामुळे धक्का, जकात, गोदाम, दलालाची पेढी, प्रार्थनेची जागा हे सगळं पायी जाण्याइतकं जवळ. त्या वाटेनं मालामागं चालत गेलं की दिवस पुरतो. सगळी प्रेक्षणीय स्थळं उरकायला निघालात तर आठवडाही पुरणार नाही.

दुसऱ्याचं उत्तर आपल्या कापसात आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथली रुई इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. पुढं १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आमच्यावरच्या मायेनं थोडेच आले असतील! कापसाच्या गाठी मुंबईच्या धक्क्यावर लवकर पोचाव्यात, एवढंच. मुंबईच्या हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन अजून आहे. आमच्या बापजाद्यांनी बैलबंडीत भरलेला माल जिथं संपायचा, तिथून मला पाहायला सुरुवात करायची होती.

एका दिवसात काय पाहून होतं, ते कोचीचंच सांगतो. जहाज लागतं ते विलिंग्डन बेटावर. हे बेट माणसानं केलेलं. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनियरच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना जो गाळ उपसला, त्याच्या भरावावर ते उभं राहिलं. तिथून रिक्षा करून पूल ओलांडला की मट्टनचेरी. बहुतेक लोक थेट फोर्ट कोचीला सुटतात, मासेमारीच्या चिनी जाळ्यांपुढं फोटो काढायला. जाळी पाहाच, पण जरा थांबून पाहा. दोरांना मोठमोठे दगड ओळीनं टांगलेले असतात, त्यांच्या वजनावर अख्खी चौकट तोललेली. एक गडी मधल्या वाशावरून पुढं चालत गेला की तेवढ्या भारानं जाळं पाण्यात उतरतं. वर ओढायला मात्र चार-सहा जण लागतात. एवढा खटाटोप करून जाळ्यात येते ती मूठभर मासळी.

मला जास्त रमवलं ते मट्टनचेरीच्या मसाल्याच्या गोदामांनी. बाहेरून रंग उडालेली भिंत, आत मोठं अंगण, त्यात सुंठ वाळत घातलेली. दारापाशी एक दलाल बसला होता. त्यानं टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसली, मिरे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली. झाला सौदा! आमच्याकडं व्यापारी बोंडातली रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, धाग्याची लांबी बघतो आणि अशीच मान हलवतो. भाषेचा गंध नाही, पण त्या दारात मी तासभर उभा होतो आणि तिथं काय चाललंय हे मला समजावून सांगायची कोणाला गरज पडली नाही.

तिथून जवळच 'परदेशी' नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं. चपला बाहेर काढून आत गेलं की पायाखाली चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. हातानं रंगवलेल्या, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. वर छताला काचेच्या हंड्या. शनिवारी बंद असतं, तेव्हा तिकीट काढताना वार बघा. फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर दाखवतात. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, पण १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या, म्हणजे लोक फोटो काढतात तो मोकळ्या जागेचा. त्यापेक्षा छताला टांगलेले कापडी पंखे पाहा. त्यांच्या दोऱ्या भिंतीबाहेर जातात. आत उपासना चालायची तेव्हा दोरी ओढणारा बाहेर उभा असायचा. कबरीपेक्षा मला ती दोरी मोठी वाटली.

गोवा मात्र जहाजातून पाहू नका. जहाज मुरगावला लागतं, जुनं गोवं तिथून बरंच लांब. अर्धा दिवस गाडीत जातो आणि बॉम जेझूस चर्च घाईघाईत उरकावं लागतं. त्यासाठी वेगळी रेल्वेची खेप करा.

आता कामाचं. विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते, जहाज सुटतं तो बॅलार्ड पियरचा धक्का तिथून जवळ. तरी एक दिवस आधी पोचा, गाडी लेट झाली तर जहाज वाट पाहत नाही. जहाजाची स्वतःची सहल महाग, दुकानांत फिरवून आणते. तिचा एकच फायदा, तिची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. स्वतः फिरणार असाल तर परत चढायच्या वेळेआधी तासभर धक्क्यावर या. मिरे, सुंठ घेतलीत तर सहसा कोणी अडवत नाही. दारूची बाटली मात्र चढतानाच काढून घेतात आणि प्रवास संपल्यावर देतात.