आमची वाटचाल: चाळकेवाडीच्या वाऱ्यापासून उद्याच्या वीजदरापर्यंत

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. तिथल्या पवनचक्क्यांच्या देखभालीत माझी आठ वर्षं गेली. 2018 साली महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा नवा नियम आला. पवन आणि सौर प्रकल्पांनी उद्याच्या 96 ब्लॉकमध्ये, म्हणजे दर पंधरा मिनिटांना किती वीज देणार, हे आधी राज्यातल्या विजेचा पुरवठा आणि मागणी जुळवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राला कळवायचं. या आधी कळवलेल्या आकड्यांना शेड्यूल म्हणतात. उपलब्ध क्षमतेच्या 15 टक्क्यांपर्यंत चूक माफ, त्यापुढे युनिटमागे 50 पैशांपासून चढता दंड. वारा मला माहीत होता. नोकरी सोडली आणि प्रकल्पांना हा अंदाज काढून देण्यासाठी आम्ही तिघांनी साताऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

पहिला पावसाळा फार जड गेला. अमेरिकेचं जीएफएस हे हवामान मॉडेल सगळ्यांना फुकट मिळतं. आम्ही त्यावरच विसंबलो. पण ते नकाशाच्या ज्या चौकटी पाडून अंदाज देतं, त्यातली एक चौकट साधारण 25 किलोमीटरची. तिच्यात आमचं पठार, उरमोडीचं खोरं आणि सातारा शहर सगळं एकाच सरासरीत जातं. आणि वाऱ्यातली छोटी चूक विजेत छोटी राहत नाही. वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाऱ्यातली ताकद बदलते. सेकंदाला 8 मीटर धरलेला वारा 6 वर आला, की ताकद निम्म्याहूनही खाली येते. मग आम्ही प्रत्येक चक्कीच्या स्काडातली, म्हणजे वारा आणि वीज सतत नोंदवणाऱ्या संगणक यंत्रणेतली, जुनी नोंद काढली आणि कुठल्या दिशेच्या वाऱ्याला मॉडेल किती कमी सांगतं, याचा हिशेब बसवला. पश्चिमेच्या वाऱ्याची दुरुस्ती वेगळी, वायव्येची वेगळी.

तरीही एका आठवड्यात वारा अगदी सांगितल्यासारखा आला आणि शेड्यूल मात्र कोसळलं. कारण साधं होतं. ट्रान्सफॉर्मर बिघडल्यामुळे अकरा मशिनं बंद होती आणि आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. दंड भरून त्या ग्राहकाने आमचं काम थांबवलं. मला ते अजूनही लागतं, कारण विचारणं आमचंच काम होतं. तेव्हापासून रोज सकाळी सहाला साइटवर फोन जातो: "दादा, किती मशिनं चालू? पठारावर ढग उतरलेत का?" दिवसभरात दर दीड तासाने शेड्यूल सुधारता येतं. त्या सुधारणेचा पाया हा फोनच असतो.

विजेची मागणी आणि दर यांच्या अंदाजाचं काम कोल्हापूरच्या एका फाउंड्रीमुळे सुरू झालं. ते ओपन ॲक्सेसने, म्हणजे स्थानिक वीज कंपनीऐवजी थेट बाजारातून वीज घेतात. उद्याच्या विजेची बोली आज दुपारी बारापर्यंत लावावी लागते. दुपारी सौर वीज भरपूर असते, दर उतरतो. सूर्य मावळला की तोच दर चढतो, कडक उन्हाळ्यात कधी कधी युनिटमागे 10 रुपयांच्या मर्यादेला जाऊन टेकतो. मालकांचा प्रश्न एकच असायचा: "उद्या वळीव येणार का, तेवढं सांगा. भट्टी कधी लावायची ते मी ठरवतो." प्रश्न अचूक होता. वळवाचा पाऊस मोठ्या पट्ट्यात पडला की कूलर, एसी, शेतीचे पंप एका संध्याकाळीत थांबतात आणि मागणी खाली येते. अर्थात, दर देशभरच्या बोलींवर ठरतो. म्हणून आम्ही सोलापूरबरोबर दिल्ली आणि राजस्थानचं तापमानही पाहतो. मालकांना एक आकडा देत नाही, दराचा पट्टा देतो आणि तो चुकण्याची शक्यता किती, तेही लिहून देतो.

आज आम्ही नऊ जण आहोत. सध्या सगळा वेळ शेतीपंपांवर जातोय. शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे पंप रात्रीऐवजी दिवसा चालू लागलेत, त्यामुळे मागणीच्या जुन्या वर्षांच्या नोंदी पूर्वीसारख्या लागू पडत नाहीत. पूर्वी दुपारी ढग आले की फक्त सौर वीज घटायची. आता पाऊस पडला की त्याच दुपारी पंपही बंद होतात. दोन्हींतलं आधी काय आणि किती घटतं, हे तालुक्या-तालुक्याला निराळं आहे. माण-खटावचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या, आम्ही या जूनपासून एकेक करून मोजायला घेतलेत.