जेयुनिट एक्सएमएल आणि न दिसणारे एक अक्षर: माझा अनुभव

आमच्या प्रकल्पात जावाच्या टेस्ट मेवनच्या शुअरफायरमधून चालतात, पायथनच्या पायटेस्टमधून, आणि यंत्रांना जोडलेल्या टेस्ट दुसऱ्या एका गटाने लिहिलेल्या अंतर्गत साधनातून. तिघांचेही निकाल जेयुनिट एक्सएमएल या स्वरूपात, म्हणजे कोनी कंसांतल्या खुणांमध्ये (टॅगमध्ये) मजकूर लिहिलेल्या फाइलींत येतात. ते एकत्र करून रोज सकाळी किती टेस्ट उत्तीर्ण आणि किती नापास याचा तक्ता काढणे, एवढेच काम माझ्याकडे होते आणि त्यासाठी मी अशा फाइली वाचणारी पायथनची जेयुनिटपार्सर ही लायब्ररी घेतली. पहिल्या दोन साधनांच्या फाइली त्याच दुपारी वाचून झाल्या.

तिसऱ्या साधनाच्या फाइलीने मात्र अकरा दिवस घेतले. माझ्या लॅपटॉपवर ‘सीडेटा सेक्शन नॉट फिनिश्ड’ असा संदेश येई (सीडेटा म्हणजे टॅग न शोधता जसाच्या तसा वाचायचा मजकूर) आणि बिल्ड सर्व्हरवर त्याच फाइलीला ‘नॉट वेल-फॉर्म्ड, इनव्हॅलिड टोकन’. हे दोन वेगळे दोष आहेत असे समजून मी दीड दिवस घालवला. खरे कारण असे की, ही लायब्ररी एलएक्सएमएल हे एक्सएमएल वाचणारे वेगळे पॅकेज उपलब्ध असेल तर ते वापरते आणि नसेल तर पायथनच्या अंगभूत पार्सरकडे (एक्सएमएल वाचणाऱ्या भागाकडे) वळते. दोष एकच, सांगणारे दोन. त्यामुळे दोन्ही ठिकाणी एलएक्सएमएल आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे.

संदेशात दिलेल्या ओळीवर पाहिले तर सीडेटा व्यवस्थित बंद केलेला होता. टर्मिनलवर ती ओळ लाल रंगात दिसत होती, आणि तो रंग हाच दोष आहे हे माझ्या लक्षात यायला आणखी एक दिवस गेला. ‘कॅट’ आज्ञेला ‘व्ही’ हा पर्याय जोडल्यावर, रंग बदलण्यासाठी लॉगमध्ये घातलेले २७ क्रमांकाचे एस्केप अक्षर अखेर डोळ्यांना दिसले. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या अक्षरांपैकी केवळ टॅब आणि ओळ बदलणारी दोन अक्षरे चालतात. बाकीची सीडेटाच्या आतसुद्धा चालत नाहीत. म्हणजे ती फाइल एक्सएमएल नव्हतीच आणि लायब्ररीने ती नाकारली हे योग्यच होते.

हे मी त्या गटाला लेखी कळवले. ‘आमच्याकडे रंग नीट दिसतात आणि स्वरूप मानकाप्रमाणेच आहे,’ असे उत्तर चौथ्या दिवशी आले. कोणते मानक, हे त्यांनी सांगितले नाही, आणि सांगणार तरी काय? हे स्वरूप अपाची अँटच्या जेयुनिट टास्कमधून रूढ झाले आणि पुढे ज्याने त्याने आपापल्या सोयीने वाढवले. पुन्हा पाठपुरावा केल्यावर त्यांनी दुरुस्ती म्हणून सीडेटा काढून टाकला आणि तेच अक्षर अँपरसँड या चिन्हाने सुरू होणाऱ्या संकेताच्या रूपात लिहिले. एक्सएमएल १.० ला तेही मान्य नाही. निदान या वेळच्या संदेशात २७ हा आकडा स्पष्ट आला, एवढाच काय तो फायदा. त्यानंतर ती दुरुस्ती मागे घेतली गेली आणि आम्ही पुन्हा सीडेटावर आलो. पायटेस्ट अशी अक्षरे साध्या, वाचता येणाऱ्या खुणेत बदलून मगच फाइल लिहितो, हे उदाहरण मी दोनदा दिले, पण व्यर्थ.

वैतागून मी एलएक्सएमएलचा, चूक सापडली तरी पुढे वाचत राहण्याचा ‘रिकव्हर’ पर्याय चालू केला. त्रुटी नाहीशी झाली, पण टेस्टही कमी झाल्या, कारण सीडेटा मध्येच तुटल्यावर लॉगमधले कोनी कंस टॅग समजले जात होते. सूटवरच्या (टेस्टच्या संचावरच्या) ‘टेस्ट्स’ या नोंदीतील आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेल्या टेस्ट ताडून पाहण्याची सवय मला होती म्हणून हे कळले. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला वाटते.

शेवटी मी स्वतःच उपाय केला, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. फाइल बाइट्स म्हणून वाचायची, आधी रंगाचे पूर्ण संकेत काढायचे, मग उरलेली निषिद्ध अक्षरे काढायची आणि नंतरच मजकूर लायब्ररीला द्यायचा. हा क्रम उलटा केला तर एस्केप जाते आणि ‘३१ एम’सारखा कचरा मागे उरतो. मजकूर बाइट्सऐवजी स्ट्रिंग (आधीच अक्षरांत उलगडलेला मजकूर) म्हणून देऊ नये. वरच्या ओळीत एन्कोडिंग (अक्षरे बाइट्समध्ये मांडण्याची पद्धत) लिहिलेले असेल तर एलएक्सएमएल अशी स्ट्रिंग नाकारते.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले: फाइलीचा सर्वांत बाहेरचा टॅग ‘टेस्टसूट्स’ नसून एकच ‘टेस्टसूट’ असेल, तर लूपमध्ये सूट न येता थेट टेस्ट हाती येतात. तसेच, लायब्ररीच्या २.० आवृत्तीपासून प्रत्येक टेस्टचा निकाल ही यादी असते. जुनी उदाहरणे उतरवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्या गटाकडचे माझे तिकीट (तक्रारीची नोंद) ‘उपाय उपलब्ध’ असा शेरा मारून बंद करण्यात आले आहे. तो उपाय माझाच आहे.