खजूर-अक्रोडाचा ब्रेड दगड का होतो?

घरी कोणी आलं आणि चहाबरोबर खजूर-अक्रोडाच्या ब्रेडचा काप पुढे केला की प्रश्न ठरलेला : यीस्ट नाही, अंडं नाही, तरी हा इतका मऊ कसा? आमचा तर दगड होतो! कृती बहुतेकांनी माझ्याकडूनच नेलेली असते. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

दोष आपल्या कष्टाळू हाताचा आहे. पीठ म्हटलं की ते तिंबायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं. आई पोळ्यांची कणीक तेलाचा हात लावून अशी तिंबायची की परातीचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. तिंबल्याने गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तार धरतं, म्हणून पोळी लाटताना फाटत नाही. पण या ब्रेडला नेमकी तीच तार नको असते. नावात ब्रेड असला तरी जात केकची, फुगवायचं काम सोड्याचं. पहिल्या खेपेला मी सगळं छान एकजीव व्हावं म्हणून दहा मिनिटं बीटर फिरवला. भट्टीतून निघाला तेव्हा दिसायला देखणा होता. कापला तर आत लांबट बिळं, आणि चावायला रबर. बायको म्हणाली, "पाटा झालाय, आता वरवंटा पण करा."

आता माप. 200 ग्रॅम बिनबियांचा खजूर चिरून त्यावर 150 मिली उकळतं पाणी आणि पाव चमचा खायचा सोडा. सोड्याने खजुराची सालं विरघळल्यासारखी मऊ पडतात. अर्ध्या तासाने काट्याने जरा ठेचायचा. थोडे तुकडे राहिले तर उत्तमच. पार गार झाला की त्यात 100 ग्रॅम दही, 80 मिली तेल, 75 ग्रॅम किसलेला गूळ. दुसऱ्या भांड्यात 100 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम मैदा, अर्धा चमचा सोडा आणि चिमूट मीठ चाळून. नुसत्या कणकेचाही होतो, पण आपलं पोळीचं पीठ चिकट, पटकन तार धरतं. मूठभर अक्रोड आधी भाजून घ्या. कच्चे घातले तर कडवटपणा राहतो, आणि हा आळस मी कोणालाही माफ करत नाही.

ओव्हन 170 अंशांवर आधी तापलेला हवा आणि टिनला तेल-कागद लावून झालेला हवा. कारण सोडा दह्याला भेटला की लगेच वायू सुटायला लागतो. ढोकळ्याच्या पिठात इनो घातल्यावर आपण फोन घेत बसतो का? तसंच हे. सुकं ओल्यात घालायचं, उलथन्याने तळापासून वर असं दहा-बारा वेळा परतायचं, अक्रोड टाकायचे, थांबायचं. पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांत वर मधोमध भेग पडते आणि विणायची सुई खुपसली तर कोरडी निघते. भेग पडली म्हणून हळहळू नका, ती पडायलाच हवी. कापायचा मात्र दुसऱ्या दिवशी. गरम कापलात तर आत गिचका वाटतो आणि उगाच मला फोन येतो.

गेल्या रविवारी शेजारच्या वहिनी शिकायला आल्या. माप काटेकोर, अक्रोड भाजलेले, सगळं यथासांग. बारा फेऱ्या मी मोजल्या. तेराव्या फेरीला त्यांनी भांडं पोटाशी धरलं आणि मनगट असं काही गोल फिरायला लागलं की मी भांडंच काढून घेतलं.

"अहो, पण पीठ दिसतंय अजून पांढरं!"

"दिसू दे," म्हटलं, आणि टिनमध्ये ओतलं.